सौंदर्यवर्धक म्हणे!

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगं एकदम जमिनीला टेकायला हवीत. माझ्या बाबतीत छाती आधी पोचते आणि उरलेली सात अंगं मागाहून, जमेल तशी येतात. तेव्हा हा नमस्कार हप्त्याहप्त्याने स्वीकारावा.)

तुझी पाठ कशी आहे? गुडघे? शेजारच्यांची मांजर अजून तुझ्याच खुर्चीत झोपते, की तिला आता स्वतःचं घर आठवलं? इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात तुझे भाचेजावई माझ्याशी फार जपून बोलतात, विमा कंपनीचा शिपाई मला बघून उठून उभा राहतो आणि माझी नणंद माझ्याशी बोलतच नाही. म्हणजे एकूण बरंच चाललं आहे.

तुझं पत्र पोचलं. चांगलं लांबलचक आहे, पण त्यात तो शब्द एकदाही नाही. 'ते', 'तसलं', 'तिथलं' आणि एका ठिकाणी नुसत्याच तीन टिंबांवर भागवलं आहेस. मी छाती लहान करून घ्यायचं ऑपरेशन ठरवलं आहे, विमा कंपनीने त्याला पैसे नाकारले आहेत आणि मी त्यांच्याविरुद्ध अपील केलं आहे, हे तुला माझ्याकडून नाही तर नणंदेकडून कळलं, याचा तुला राग आलेला दिसतो. तो रास्त आहे. पण 'असल्या गोष्टी चार लोकांत बोलायच्या नसतात' हे तुझं वाक्य मात्र उशिरा पोचलं. चार लोक केव्हाच संपले. खिडकीवरची मुलगी, तिचे साहेब, त्या साहेबांचे साहेब, व्यायाम शिकवणाऱ्या बाई, फोटो धुऊन देणारा, आणि रांगेत माझ्या मागे उभे असलेले मोतीबिंदूवाले आजोबा (ते माझ्या बाजूने होते) एवढे तर मलाच आठवतात. तेव्हा आता सगळं तुलाही सांगते. आधी वाच, मग सवडीने रागाव.

तुझ्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी, मला दोन गोष्टी दिल्या. एक घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आणि दुसरी तुमच्या घराण्याची छाती. दुकान मी हट्टाने मागून घेतलं होतं. छाती न मागता आली. (ती तुमच्या बाजूची, हे आईने शेवटपर्यंत ऐकवलं. आईच्या बाजूला सगळ्या काडीसारख्या.) घड्याळजीचं टेबल मुद्दाम उंच करून घेतलेलं असतं. कड छातीला लागली पाहिजे, म्हणजे मान वाकवावी लागत नाही. बाबांना ते अगदी बेताचं होतं. मी मात्र खुर्चीत बसते न बसते तोच छाती टेबलावर जाऊन बसलेली असते, गिऱ्हाइकाच्या घड्याळाच्या शेजारी, आणि मग मी तिच्या पलीकडे हात लांब करून, डोळ्याला भिंग लावून, कुंपणापलीकडचं फूल तोडावं तसं काम करते. तिळाएवढे स्क्रू असतात, आत्या. उडाला की गेला. बाबा त्यासाठी मांडीवर फडकं पसरायचे. मला फडकं लागत नाही. संध्याकाळी घरी कपडे बदलताना दिवसभराचे हरवलेले सगळे टणाटण फरशीवर पडतात. एका वकिलाच्या घड्याळाचा सेकंदकाटा मी दुकानभर शोधला आणि तो असाच घरी सापडला. कुठे सापडला ते मी त्यांना सांगितलं नाही.

इथपर्यंत हसण्यावारी नेत होते. खांदे दुखायचे, मान अवघडायची, डोकं ठणकायचं, पण ते आपल्या घरात कुणाला दुखत नाही? मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही हातांची. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी दुकान उघडतानाच. एक दिवस एका बाईंच्या मनगटी घड्याळाचं चक्र चिमट्यात धरलं होतं. त्याचा आस केसाएवढा असतो. माझ्या चिमट्यात तो आहे की नाही हे मला कळेचना. डोळ्यांना दिसत होता, बोटांना लागत नव्हता. मी जरा दाबलं आणि तो मोडला. बाबांच्या हाताखाली बसायला लागल्यापासून माझ्या हातून असा आस मोडला नव्हता. मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि आत बसून रडले. मला भीती वाटली, आत्या. मला घड्याळांखेरीज काही येत नाही, आणि येऊन करायचंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं, ब्लाउज खांद्यावरून सरकवला आणि ब्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या खाचेत आपलं बोट ठेवलं. पूर्ण पेर आत गेलं. त्या दुसऱ्या खांद्याकडे वळल्या, तिथेही ठेवलं. मग विचारलं, किती वर्षं सहन करताय? मी म्हटलं, सहन कसलं, अंगच आहे ते. त्या म्हणाल्या, अंगच आहे, पण मानेवर बसलंय, तिथून बोटांकडे जाणाऱ्या नसा आवळल्या जातायत, ऑपरेशन करून ओझं कमी केलं नाही तर बोटं जातील. मला आयुष्यात आजवर छातीबद्दल पुष्कळ जणांनी पुष्कळ काही ऐकवलं आहे. (रस्त्यावरच्यांचं तर सोडूनच दे.) पण 'किती वर्षं' हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या टेबलावरचं घड्याळ मागे पडत होतं ते तिथल्या तिथे, फुकट, नीट करून दिलं.

विम्याचं बाबांनीच करून ठेवलं होतं. मोडल्या वस्तूच्या दुरुस्तीवर पोट भरणारा माणूस तो. माणसाच्या दुरुस्तीची सोय आधी करायची हे त्यांचं मत. मी दर वर्षी न चुकता पैसे भरत आले आणि कधी शिंकेचंसुद्धा बिल पाठवलं नाही. तेव्हा मी मोठ्या थाटात कंपनीच्या कचेरीत गेले. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, कसलं ऑपरेशन? मी सांगितलं. तिने घाईघाईने मागे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "मॅडम, हळू बोला ना." मी म्हटलं, हृदयाचं असतं तर हळू बोलले असते का? तेही तिथेच असतं, जरा आतल्या बाजूला. तेवढ्यात मागचे मोतीबिंदूवाले आजोबा म्हणाले, "बोलू द्या की त्यांना, मला ऐकायला कमी येतं."

उत्तर आलं ते एका ओळीचं. सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धक स्वरूपाची असल्याने विम्यात बसत नाही. सौंदर्यवर्धक! मी ते पत्र घेऊन आरशासमोर उभी राहिले. पन्नाशीला टेकलेली बाई, डाव्या डोळ्याभोवती भिंगाची कायमची गोल खूण, नखांत तेल. या ऐवजात कंपनीला सौंदर्य वाढवण्याची जागा दिसली, हा त्यांचा मोठेपणा. नणंदेने पत्र वाचलं आणि सुस्कारा टाकून म्हणाली की लोक पैसे मोजून मोठी करून घेतात आणि तुला फुकट मिळालेलं नको झालंय. मी म्हटलं, तुला हवी असली तर अर्धी घेऊन जा, रिक्षाचं भाडं मी देते. तेव्हापासून ती बोलत नाही.

मी पुन्हा अर्ज केला. मग कंपनी माझी काळजी करायला लागली. आधी वजन उतरवून बघा, म्हणाले. उतरवलं. गाल बसले, मनगट असं वाळलं की माझं स्वतःचं घड्याळ कोपरापर्यंत जाऊन यायला लागलं, अंगठी साबणाबरोबर मोरीत गेली. या दोघी मात्र जिथल्या तिथे, जशी काही त्यांची बदलीच होत नाही. मग म्हणाले, व्यायाम करा. व्यायामाच्या बाईंनी मला सतरंजीवर पालथं झोपायला सांगितलं. मी झोपले, म्हणजे तरंगले. डोकं खाली केलं की पाय वर, पाय टेकवले की डोकं वर. शेवटी त्या बाईंनी स्वतःच कंपनीला लिहून दिलं की हिला व्यायाम शिकवणं माझ्या शास्त्रात नाही. मग म्हणाले, चांगल्या प्रतीची, आधार देणारी ब्रा वापरा. आत्या, मी जी वापरते ती तू पाहिली आहेस. तिला एवढे हूक आणि एवढ्या पट्ट्या आहेत की ती दोरीवर वाळत घातली तर खालच्या मजल्यावरच्या बाई विचारतात, घोडा घेतलात का?

शेवटी म्हणाले, फोटो पाठवा. समोरून आणि बाजूने. फोटो कोण काढणार? तुझे भाचेजावई. तुला माहीत आहे, ते गाडी चालवायला शिकवतात. आयुष्य शेजारच्या सीटवर बसून, दुसऱ्याच्या चुकांवर हळूच ब्रेक दाबण्यात गेलेलं. पडदे ओढून मी भिंतीशी उभी राहिले आणि हे कॅमेऱ्यामागून, विद्यार्थ्याला सांगतात त्या आवाजात, "हां, आता जरा डावीकडे घ्या. आणखी. बस्स. मागे बघून." इतकी वर्षं संसार केलेला माणूस मला अहो-जाहो करायला लागला. घाम पुसून पुसून त्यांचा रुमाल भिजला. आणि एवढं करून कंपनीचं उत्तर काय, तर फोटोत चेहरा नाही, त्यामुळे हे अवयव अर्जदाराचेच आहेत याची खात्री पटत नाही. (मग काय मी शेजारणीकडून उसने आणले?) हे म्हणाले, जाऊ दे, आता थांबूया. पहिल्यांदाच त्यांनी माझ्यावर ब्रेक दाबला, आणि तो लागला नाही. मी चेहऱ्यासकट फोटो पाठवला. डोळ्याला भिंग लावलं होतं आणि भिंगातून थेट त्यांच्याकडे बघत होते. तुला हे वाचून घेरी आली असेल तर पाणी पी. मला तो फोटो काढताना लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. राग एवढा भरला होता की लाजेला उभं राहायला जागा नव्हती.

त्या फोटोने मात्र काम केलं. मला सुनावणीला बोलावलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या दारावर पाटी होती, पुनर्विचार अधिकारी. (पहिला विचार कुणी केला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.) साहेब पस्तिशीचे, कोरीव दाढीचे, शर्ट दंडांवर तट्ट ताणलेला. रोज व्यायाम करतात हे त्यांनी मला बसायच्या आधी सांगितलं. खोलीत एक काचेचं टेबल, एक फिरती खुर्ची, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. मला बंद घड्याळासमोर बसवलं की अर्धं लक्ष तिकडेच जातं. हे बाहेर बाकावर बसले होते. आत येऊ नका असं मीच सांगितलं होतं, कारण हे सोबत असले की मी बोलते आणि लोक उत्तर यांना देतात.

साहेब चांगलं बोलले, ते नाकारणार नाही. निसर्गाची देणगी, बाईपणाचा मान, वयोमानाप्रमाणे होणारे त्रास, असं बरंच काही झालं. मग म्हणाले, डॉक्टरीणबाई ज्याला ओझं म्हणतात ते काढून काढून किती काढणार? तेवढं तर आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज पिशवीत आणतो. मी म्हटलं, पिशवी घरी गेल्यावर खाली ठेवता ना? आणि मी माझ्या झोळीतून ते बाहेर काढलं.

आता हे 'ते' काय, ते सांगते. बाबांच्या दुकानात कोपऱ्यात एक उभं लाकडी घड्याळ आहे बघ, चावीऐवजी पितळी वजनांवर चालणारं. ती दोन वजनं, डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक बाजूने जेवढं काढायचं लिहिलं होतं, जवळजवळ तेवढीच भरली. मी जाड चामड्याच्या पट्ट्यांचा एक सांगाडा शिवला, गळ्यातून आणि पाठीमागून जाणारा, आणि पुढे ती वजनं टांगली. हातात घेऊन बघा, एवढंच मी म्हणणार होते. पण दंडांचा माणूस हातात घेऊन कसा थांबेल? साहेबांनी टाय बाजूला केला आणि स्वतः होऊन गळ्यात चढवलं. मी मागून पट्टे लावून दिले. हसले, इकडे तिकडे वळून दाखवलं आणि म्हणाले, "हॅ! काहीच नाही हे." मग खुर्चीत बसून माझी कागदपत्रं चाळली, मला नियम वाचून दाखवला आणि थोड्या वेळाने म्हणाले, बरं, काढा आता.

इथे माझी चूक झाली. पट्टे जोडताना मी बक्कल लावलंच नव्हतं. हाताच्या सवयीने मी घड्याळाच्या पट्ट्याला घालतात तशा स्प्रिंगच्या पिना घातल्या होत्या, फक्त मोठ्या. त्या घालताना बोटाने दाबल्या की बसतात, पण काढायला बारीक टोकाचं खास हत्यार लागतं. माझं हत्यार नेहमी टेबलाच्या उजव्या खणात. मी झोळी उलटी केली. नव्हतं. शिपायाने कागद कापायची कात्री आणली, ती चामड्यावर वाकली. साहेबांनी डोक्यावरून काढून बघितलं, ते कानांपर्यंत येऊन अडकलं आणि टायसकट परत खाली आलं. मी म्हटलं, बसा निवांत, दुकान जवळच आहे, हत्यार घेऊन येते. बाहेर आल्यावर ह्यांना सांगितलं, गाडी काढा. ह्यांनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, चढवलंय, उतरवायचं राहिलंय. त्यांनी गाडी काढली.

परत येईपर्यंत काय काय झालं ते मला शिपायाने डोळे पुसत पुसत सांगितलं. (हसून आलेलं पाणी, दुसरं काही नाही.) साहेबांचं पेन टेबलाखाली गेलं. ते घ्यायला वाकले तर वजनं आधी वाकली आणि काचेवर अशी आदळली की खिडकीवरची मुलगी धावत आली. डबा खायला बसले तर डबा आणि तोंड यांच्यामध्ये पितळ. घास घेतला की निम्मा वजनावर सांडायचा, मग ते रुमालाने पुसायचे, इकडेतिकडे बघत, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. बुटाची नाडी सुटली ती सुटलीच. वेळ किती झाला हे बघायला मान वर करावी तर भिंतीवरचं घड्याळ बंद, मी गेले तेव्हा जे वाजले होते तेच वाजलेले. आणि तशातच त्यांचे वरिष्ठ चार पाहुण्यांना कचेरी दाखवत आत आले.

मी हत्यार घेऊन पोचले तेव्हा साहेब टेबलाच्या कडेवर दोन्ही वजनं ठेवून, त्यांवर हात बांधून, पाठ वाकवून बसले होते. आत्या, त्यांना तसं बसायला कुणी शिकवलं नव्हतं. मी दारातच थांबले. तसं बसलेलं मी आयुष्यभर कुणाला पाहिलंय ते तुला माहीत आहे. मी मागे जाऊन पिना काढायला लागले, तर ते माझ्याकडे न बघता, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "ते माझ्याशी बोलत होते, पण सगळा वेळ इथेच बघत होते हो. तोंडाकडे कुणी बघेचना."

मी म्हटलं, हो.

एवढंच म्हटलं. खरं तर पुष्कळ म्हणण्यासारखं होतं, आणि मी पाठ करूनही गेले होते.

आता तू म्हणशील, विरघळला असेल आणि सही केली असेल. छे! नियमावर वाढलेला माणूस इतक्या सहज विरघळत नाही. खांदे चोळत म्हणाले, माझी सहानुभूती आहे, पण आमच्याकडे या ऑपरेशनला दोनच कप्पे आहेत, सौंदर्यवर्धक किंवा अपघात. सौंदर्यवर्धकाला पैसे नाहीत. अपघाताला आहेत. तर मी अपघात लिहितो, तुम्ही गप्प राहा. आता शहाण्या बाईने गप्प राहायला हवं होतं. हे दाराच्या फटीतून मला मान हलवून तेच सांगत होते. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, साहेब, कसला अपघात? कुणी येऊन धडकलं का मला? मी काही नटायला आलेले नाही आणि चोरवाटेनेही आलेले नाही. माझी मान दुखते, माझे खांदे कापले जातात, माझी बोटं चालली आहेत, आणि त्या बोटांवर माझं दुकान आहे. ते लिहा. कप्पा नसेल तर कडेला लिहा, तिथे भरपूर कोरी जागा आहे. आणि आधी ते 'सौंदर्यवर्धक' खोडा, माझ्यासमोर.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तोंडाकडे, हे नमूद करते. मग त्यांनी खोडलं. मला ते पुरेसं वाटलं नाही म्हणून पुन्हा एकदा खोडायला लावलं. कडेला स्वतःच्या हाताने लिहिलं, मान, खांदे व हात यांच्या आजारावरील आवश्यक उपचार, मंजूर. सही करताना त्यांचा हात जरा बधिर झालेला दिसत होता. मी जाता जाता खुर्चीवर चढून त्यांचं घड्याळही चालू करून दिलं. चढताना धाप लागली, खांदे ठणकले, पण त्या दिवशी मला ते दुखणं आवडलं, कारण आता ते चार दिवसांचं पाहुणं होतं.

तर अशी ही हकीकत. तू लिहिलंस की आपल्या घराण्यात सगळ्या बायकांनी हे मुकाट्याने वागवलं. वागवलं असेल. मी नाही वागवणार. माझी बोटं मला हवी आहेत, आणि ती मागताना मी खाली मान घालणार नाही. (घालताही येत नाही, हनुवटी अडते.) तुला राग यायचा असेल तर येऊ दे, पण तोंडाने सांग, तीन टिंबं काढू नकोस.

बाकी ठीक. मांजरीला खुर्चीतून उठव.

तुझी उद्धट भाची

ता. क. पत्र बंद करणार इतक्यात कंपनीचा मंजुरीचा कागद आला. त्यात 'बाजू' या रकान्यात लिहिलंय, एक. म्हणजे एका खांद्याने सरळ चालायचं आणि दुसऱ्याने तुझ्यासारखं! मी वजनांचा सांगाडा झोळीत घालून निघणार तोच साहेबांचा स्वतःहून फोन. चूक टाइप करणाऱ्याची आहे, दुरुस्त करून कागद घरपोच पाठवतो, आपण येण्याची तसदी मुळीच घेऊ नये. मुळीच हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

ता. क. दुसरा. ते हत्यार दुकानात नव्हतंच. झोळीच्याच आतल्या कप्प्यात होतं. दुकानात उजवा खण उपसल्यावर मला ते आठवलं. तोवर मी खरंच घाबरले होते, शपथ. पण आठवल्यावर मी स्टूल ओढून घेतलं, चहा मागवला, ह्यांनाही पाजला आणि सावकाश निघाले. हे ह्यांना माहीत नाही आणि साहेबांनाही नाही. तुलाच सांगते आहे, कारण आता तुझ्याकडे मला काही मागायचं आहे.

ता. क. शेवटचा. लहानपणी तू मला कुशीत घेऊन झोपायचीस तेव्हा तुझ्या खांद्यावरच्या खाचेत मी बोट घालायचे. हे कशाने झालं, असं मी एकदा विचारलं. तू म्हणालीस, तुला खांद्यावर घेऊन फिरवलं ना, त्याने. मला ते खरंच वाटलं. मोठी होईपर्यंत मला वाटायचं की तुझ्या खांद्याला मी खड्डा पाडला, म्हणून तुझी पाठ वाकली. तुझ्या कपाटात खालच्या खणात धावण्याच्या शर्यतीचे कप आहेत, सगळे शाळेतले, आणि मग एकदम काहीच नाही. धावणं का सोडलंस विचारलं तर म्हणायचीस, आवड गेली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यात बोट ठेवलं तेव्हा मला तुझा खांदा आठवला, आणि मी तिथेच, त्यांच्यापुढेच रडले. ते वर लिहायचं गाळलं होतं.

ऑपरेशनच्या वेळी सोबतीला ये, असं तुला पत्र लिहिते, असं मी ह्यांना सांगितलं आहे. ते खोटं. मी डॉक्टरीणबाईंच्या दोन लागोपाठच्या वेळा घेतल्या आहेत. पहिली माझी. दुसरी तुझ्या नावावर. वयाची हरकत नाही म्हणाल्या, फक्त हृदय आणि साखर बघून घेऊ. विमा आहे. बाबांनी माझ्याबरोबर तुझाही उतरवला होता, तुला न सांगता, आणि त्यांच्यामागे तो मी चालू ठेवला, तुला न सांगता. आपल्या घरात न सांगता बऱ्याच गोष्टी होतात, त्यातली ही एक बरी. आमच्याकडून आणखी एक प्रकरण येणार आहे, हे मी साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, त्या बाईपण घड्याळं दुरुस्त करतात का?

तू नाही म्हणणार, हे मला माहीत आहे. आता या वयात कशाला, लोक काय म्हणतील, राहिलेत किती दिवस, हे सगळं लिहून खुशाल नकार पाठव. मी अपील करीन.